स्वस्तातली पॅकार्ड

मित्रांनो, मी डेट्रॉईटची एक म्हातारी मोटारगाडी. जन्म १९३७ चा, तो मी लपवत नाही. घराणे पॅकार्डचे, तेही लपवत नाही. फक्त त्या घराण्यात मी कितपत मोजली जाते, याबद्दल लोकांत मतभेद आहेत, आणि ते मतभेद ऐकत ऐकतच माझे आयुष्य गेले.

मोटारीला कान नसतात, असे तुम्हाला वाटत असेल. मला तर जन्मापासून चौकशीची खोड. माझ्यात कोण बसले, काय बोलले, कोण कशाला रडले, सगळे मी ऐकून ठेवले आहे.

आमच्या घराण्याची सुरुवात ओहायोतल्या एका गावात दोन भावांनी केली. तेव्हा एकोणिसावे शतक संपत आले होते. मग घराणे डेट्रॉईटला आले आणि असे वाढले की काही विचारू नका. माझ्या थोरल्या बहिणी बारा सिलिंडरच्या. त्यांच्यात राजे बसत, बँकवाले बसत, सिनेमातल्या नट्या बसत. देशाचा एक अध्यक्ष तर घोडागाडी सोडून आमच्याच घरच्या गाडीतून शपथ घ्यायला गेला. आमच्या तोंडावरच्या जाळीची वरची कड बैलाच्या जूसारखी वळलेली असते. ते तोंड लांबून दिसले की फाटकावरचा नोकर आधी फाटक उघडी आणि मग आत कोण आहे ते बघी.

मग मंदी आली. पुष्कळ श्रीमंत बुडाले. जे बुडाले नाहीत, त्यांना आपला पैसा चारचौघांत दाखवायची चोरी झाली. थोरल्या बहिणी घेणार कोण? तेव्हा कंपनीने ठरवले की हेच नाव आणि हेच तोंड निम्म्याहून कमी किमतीत द्यायचे. त्यातून आम्ही धाकट्या जन्माला आलो. लोक आमच्यावर तुटून पडले आणि कारखाना तरला. पण जुनी गिऱ्हाइके नाक मुरडू लागली. "आता काय, पॅकार्ड दंतवैद्यसुद्धा घेतो," असे एक बाई म्हणाल्याचे मी ऐकले आहे.

मला दंतवैद्यानेच घेतले. प्रेंटिस त्यांचे नाव. ते मला अंगणात नेहमी रस्त्याकडे तोंड करून उभी करीत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला जाळी दिसावी. बाकीची मी कशी आहे, याच्याशी त्यांना फारसे देणेघेणे नव्हते. चार वर्षांनी त्यांनी मला विकली. कारखान्याला लागूनच हॅमट्रॅमिक नावाचे पोलिश लोकांचे गाव आहे, तिथे वालेंटी गोर्चित्सा नावाचा कामगार राहतो. त्याने मला घेतले. तो पॅकार्डच्या कारखान्यात सीटा शिवत असे.

पहिल्याच दिवशी त्याने माझी मागची सीट उचलून शिवण तपासली आणि बायकोला हाक मारली.

"गेनिया, इकडं ये! ही सीट माझी आहे."

"पैसे भरलेस म्हणजे तुझीच असणार," गेनिया म्हणाली.

"तसं नाही गं. मी शिवलीय ही. गाठ बघ, डाव्या बाजूला पडलीय."

"डावखुरा काय तू एकटाच आहेस कारखान्यात?"

"आमच्या खात्यात एकटाच."

गेनियाने गाठ निरखून पाहिली. मग कमरेच्या एप्रनने तिने ती जागा पुसली आणि म्हणाली, "बरी शिवलीयस." मला ते फार आवडले. माझे कौतुक पुष्कळांनी केले होते, पण ज्याने मला घडवले त्याला कोणी शाबासकी दिल्याचे मी पहिल्यांदाच ऐकले.

आमच्या गल्लीची एक रीत होती. कोणाच्या घरी कुठली गाडी, यावरून तो कुठे कामाला आहे ते कळे. दुसऱ्या कारखान्याची गाडी घेणाऱ्याला ती तीन गल्ल्या पलीकडे लावून चालत यावे लागे. तसा नियम कुणी केला नव्हता. पण शेजारच्या कोसिक मावशी अशा गाडीकडे बघून विचारत, "काय रे, पाहुणे आलेत का?" तेवढे पुरे होई. या मावशींनी युद्धाच्या काळात कारखान्यात विमानांच्या इंजिनांच्या कड्या मोजल्या होत्या. तेव्हा आम्हा गाड्यांचे काम थांबवून सगळा कारखाना युद्धाला जुंपला होता. समोरच्या घरातला झिगमुंट इंजिने तपासत असे. तीस वर्षे इंजिनांजवळ कान नेऊन त्याचा एक कान कामातून गेला होता आणि दुसऱ्याचा त्याला फार गर्व होता.

वालेंटीची मुलगी हालिना माझ्यातच लहानाची मोठी झाली. चर्चला जाताना ती मागच्या सीटवर झोपे. मोठी झाल्यावर गाडी चालवायला शिकली तीही माझ्यावरच, आणि माझा डावा दिवा फोडला तोही तिनेच.

युद्ध संपले, पण जुने दिवस परत आले नाहीत. लोकांना शेपटाला पंख असलेल्या, दोन रंगांच्या गाड्या आवडू लागल्या. आमच्या मागण्या कमी झाल्या. कंपनीने दुसऱ्या एका थकलेल्या कंपनीशी संसार मांडला, पण दोघांनाही एकमेकांचा आधार झाला नाही. १९५६ च्या उन्हाळ्यात डेट्रॉईटमध्ये पॅकार्ड बनणे थांबले. कोणी म्हणे, धाकट्या स्वस्त गाड्यांनी नाव घालवले. कोणी म्हणे, त्या नसत्या तर कारखाना वीस वर्षांपूर्वीच बसला असता. दोन्ही बोलणी माझ्यासमोरच होत. खरे काय ते मला कळेना आणि विचारणार तरी कुणाला!

वालेंटी त्या दिवशी घरी आला तो पुन्हा बाहेर पडला नाही. तेहतीस वर्षांची नोकरी गेली होती. घरामागच्या गराजमध्ये मी उभी होते. तो मला पुसायला येईना, चर्चला जाईना, अंगणातसुद्धा येईना. झिगमुंट दारात येऊन हाका मारून परत जाई.

सप्टेंबरात हालिनाचे लग्न होते. नवरा मुलगा रेमंड पावलाक, सगळे त्याला 'रे' म्हणत. स्वभावाने गोड, पण दुसऱ्या कारखान्यात कामाला. लग्नाच्या आठवड्यात मात्र बाप-लेक गराजमध्ये आले. वालेंटीच्या हातात नळी आणि डबा होता. तो माझ्यातले पेट्रोल काढू लागला.

"ताता, हे काय करताय?"

"सोमवारी भंगारवाला येतोय. टाकी रिकामी ठेवायला सांगितलीय त्यानं."

"आणि लग्नाला? मी हिच्यातनंच जाणार होते."

"रेची गाडी आहे ना नवी? तिच्यातनं जा. तिचा कारखाना चालू आहे."

"मला नकोय ती."

"हालिना, ऐक. मेलेल्या घराची गाडी नवरीला नेत नाही. तुझ्या संसाराच्या सुरुवातीला आमचं मढं नको."

हालिना माझ्याजवळ आली. तिने माझ्या दारावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला खूप वाईट वाटले. भंगारात जाण्याची भीतीही वाटली, खोटे कशाला बोलू? पण त्याहून जास्त वाईट वालेंटीचे वाटले. मढे म्हणताना तो माझ्याकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघत होता.

लग्नाचा शनिवार उजाडला. दोन घरांमधल्या बोळातून मला रस्त्याचा एक पट्टा दिसतो, त्यातून मी सगळे पाहिले. रे आपली गुलाबी-पांढरी नवी गाडी घेऊन आला. घरात आईबापांनी पाव आणि मीठ पुढे करून दोघांना आशीर्वाद दिला, तो मला नुसता ऐकू आला. मग मंडळी बाहेर आली, तर रस्त्यावर दोर बांधलेला! एक टोक कोसिक मावशींच्या ओसरीला, दुसरे दिव्याच्या खांबाला.

ही आमच्याकडची जुनी पद्धत. नवरीची गाडी शेजारी अडवतात, नवऱ्याने व्होडकाची बाटली द्यायची, मग दोर खाली येतो. रेने हसत बाटली दिली. झिगमुंटने ती घेऊन मागे पाठवली. दोर खाली आला नाही. रेने दुसरी दिली. तीही मागे गेली. तिसरीही गेली.

"काका, आणखी किती?" रेने विचारले.

"बाटल्यांचं काही नाही रे. त्या आपल्या रीत म्हणून घेतोय."

"मग हवंय काय?"

"आमच्या गल्लीची पोर कुठल्या गाडीतनं चाललीय, ते बघतोय."

"माझ्या गाडीतनं."

"ती दिसतेय, चांगली गुलाबी आहे. लग्न झाल्यावर फिरव हवं तेवढं. पण माहेराहून निघताना नाही."

दोराला धरून चौदा जण उभे होते. सगळे पॅकार्डचे, सगळ्यांची नोकरी एकाच दिवशी गेलेली, सगळे लग्नाच्या कोटात. वालेंटी तणतणत पुढे आला. कित्येक आठवड्यांत तो पहिल्यांदाच रस्त्यावर आला होता.

"झिगमुंट, दोर सोड! पाद्री वाट बघतोय."

"तुझी गाडी काढ."

"ती अपशकुनी आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो! कारखान्याला कुलूप लागलंय. त्याची गाडी घेऊन चर्चच्या दारात जाऊ? मला लाज वाटते, कळलं?"

 मग कोसिक मावशी ओसरीवरून खाली उतरल्या.

"कशाची लाज वाटते, वालेंटी? त्या गाडीचं इंजिन झिगमुंटनं तपासलं. दारं माझ्या भावानं बसवली. सीट तू शिवलीस. यातलं काय बिघडलं? कुलूप कारखान्याला लागलंय. आम्ही तर इथंच उभे आहोत. का आमचीच लाज वाटते तुला?"

 वालेंटीने दोराला धरलेल्या एकेका माणसाकडे पाहिले. मग वळला आणि बोळातून माझ्याकडे आला. त्याच्यामागून सगळे वऱ्हाड आले.

त्याने किल्ली फिरवली. मित्रांनो, मी मनापासून प्रयत्न केला, पण नुसता टक् असा आवाज झाला. झिगमुंटने माझ्या बॉनेटला आपला चांगला कान लावला.

"इंजिन ठणठणीत आहे. बॅटरी गेलीय. बॅटऱ्या काय आपण बनवत नव्हतो."

"पेट्रोलही नाही," वालेंटी हळूच म्हणाला. "मीच काढलंय."

"माझ्या गाडीतलं घ्या की," रे म्हणाला.

"वेळ कुठाय? घंटा ऐकू येत नाही का?" झिगमुंट ओरडला. "चर्च पाच गल्ल्यांवर आहे, आणि आपण चौदा आहोत. लावा हात!"

वालेंटी चाकामागे बसला, हालिना त्याच्या शेजारी. मागून चौदा जणांनी जोर लावला. माझी चाके कित्येक आठवड्यांनी फिरली. ज्या हातांनी मला एकेक भाग जोडून उभे केले होते, तेच हात आता माझ्या पाठीवर होते. तेव्हा मला कळले की मी थोरली की धाकटी, महाग की स्वस्त, याचा निकाल मी आयुष्यभर चुकीच्या लोकांच्या तोंडून ऐकत बसले होते.

पहिला चढ आला तेव्हा मी अडले. तेवढ्यात आणखी दोन हात लागले. रेने कोट काढून हालिनाच्या मांडीवर टाकला होता.

"अरे, तू नवरा आहेस!" मावशी ओरडल्या.

"असू दे. आमच्या कारखान्यात कुणाला सांगू नका म्हणजे झालं!"

लोक ओसऱ्यांवर येऊन टाळ्या वाजवू लागले. मागून ती गुलाबी गाडी रेचा एक मित्र रिकाम्या सीटांसह मुंगीच्या पावलांनी आणत होता.

"ताता, किती हळू चाललोय आपण!" हालिना हसत म्हणाली.

वालेंटीच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि त्याने ते पुसले नाही.

"हळूच जाऊ दे," तो म्हणाला. "पाचच तर गल्ल्या आहेत."

सोमवारी भंगारवाला आला. वालेंटी स्वतः बाहेर जाऊन त्याच्याशी बोलला. "विकायची नाही. हिला पेट्रोल लागत नाही, शेजारी लागतात. तुझ्याकडे आहेत का?" भंगारवाल्याला काही समजले नाही. तो तसाच गेला.

त्यानंतर एक-दोन वर्षे दुसऱ्या गावी दुसऱ्याच घडणीच्या गाड्यांवर आमचे नाव लावले जाई. १९५८ साली तेही थांबले. वालेंटीने ती बातमी मला वाचून दाखवली आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवले. तो आता या गराजमध्ये गल्लीतल्या लोकांच्या फाटक्या सीटा शिवतो, कुठल्याही कारखान्याची गाडी असो. रेचीसुद्धा शिवली, पण त्याला आधी "पाहुणे आलेत का?" असे विचारूनच.

मित्रांनो, मला धुवा, पुसा, जपा असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे बघायला माणसे आहेत. पण कुठे एखाद्या मोठ्या कारखान्याला कुलूप लागल्याचे ऐकलेत, तर त्याच्या नावाची हळहळ नंतर करा. आधी त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये जा. तिथे कुणीतरी कित्येक आठवडे अंगणातसुद्धा आलेला नसेल. तो दार उघडणार नाही. तरी त्याला नावाने हाक मारा, आणि एवढ्यात परत फिरू नका.