झाडावरचा तो

आमच्या घरात त्याचं नाव घेत नाहीत, 'तो' म्हणायचं. मामंजींच्या कुळाचा मूळपुरुष मेल्यावर हिरवा सरडा होऊन झाडावर जाऊन बसला. तेव्हापासून त्याचं नाव कुणी उच्चारलं तर पुरुष संतापतात आणि बायका लाजेनं तोंड लपवतात. सून म्हणून आले तशी मीही जीभ आवरायला शिकले. नवरा लांब राजधानीत, सुवाला, बोटीवर कामाला, घरात मी आणि मामंजी दोघंच.

मोकाट मांजरांनी त्याच्या जातीचे सरडे खाऊन टाकले, त्यामुळे तो कित्येक वर्षं गावात दिसलाच नव्हता. आणि एका सकाळी मामंजी खिडकीशी पडल्या पडल्या ओरडले, "वासिती, अगं धाव! परत आलाय तो!"

नीरफणसाच्या फांदीवर हिरवागार सरडा बसला होता. मोतीबिंदूमुळे मामंजींना तो धूसरच दिसत असणार, पण चेहरा पोरासारखा फुलला होता. ते रोज जास्वंद हातात धरून उभे राहायचे आणि तो खाली उतरून फूल ओढून न्यायचा. वर्षभर अंथरूण न सोडणारा माणूस फुलं तोडायला उठू लागला. मी आनंदात असायला हवं होतं, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

कारण माझ्या परसातल्या बेले या पालेभाजीचे नुसते दांडे उरत होते. किनाऱ्यावर माडाखाली कुणीतरी बीळ उकरलं होतं. आणि जेटीवर एक चित्र लावलं होतं: कानाखाली सदऱ्याच्या बटणाएवढं गोल खवलं असेल तर तो आपला नव्हे, बाहेरून आलेला अमेरिकन इग्वाना. मी फूल द्यायच्या निमित्तानं जवळ गेले. बटण होतं.

मामंजींना सांगावं तर त्यांचा जीव त्यात अडकलेला. गप्प बसावं तर याची वीण अंड्यांतून वाढून साऱ्या बेटाची शेती फस्त करणार, आणि रानात आपला एखादा उरला असेल तर त्यालाही हुसकावणार. शेवटी मी आपिसाईला निरोप धाडला. तो या सरड्यांच्या मागावर असलेला सरकारी माणूस. त्याच्या आणि मामंजींच्या गावाचा मूळ देव एकच, म्हणून दोन्ही गावांना एकमेकांची वाट्टेल तशी टर उडवायची मुभा.

"काय म्हाताऱ्या," आपिसाई अंगणातूनच गरजला, "तुमचा पूर्वज अमेरिकेला जाऊन आला वाटतं! शेपटी बघ केवढी वाढलीय!"

मामंजी खूश झाले. "तुझ्या आजीनं ओढून लांब केली असेल. ये, उकडलेला दालोचा कंद खा."

"चेष्टा नाही करत रे. हा तुमचा नाहीच मुळी."

"तुझ्या तोंडून कधी खरं निघालंय, म्हणून आज निघेल!" मामंजी खोकला येईपर्यंत हसले.

आपिसाईनं घसा फोडून सांगितलं, चित्र दाखवलं. जितकं सांगेल तितके मामंजी जास्त हसायचे. शेवटी तो माझ्याकडे वळला. "माझं बोलणं याला जन्मभर थट्टाच वाटणार. आणि याच्या परवानगीशिवाय मी हात लावणार नाही. तूच सांग, वहिनी."

मी मामंजींसमोर जाऊन उभी राहिले.

"मामंजी," मी म्हणाले, "हा वोकाई नाही."

फूल धरलेला त्यांचा हात तसाच राहिला. न घ्यायचं नाव मी घेतलं होतं; मला वाटलं, आता घराबाहेर काढतील.

"मग आपला कुठंय?" त्यांनी हळूच विचारलं.

आपिसाई चित्राची घडी घालू लागला. "घेऊन जा," म्हणत मामंजी आत गेले.

सरडा गेला. किनाऱ्यावरच्या बिळात मात्र अंड्यांची फुटलेली टरफलं निघाली. पिल्लं कधीच पसार झाली होती.

मामंजी तरीही रोज संध्याकाळी झाडाच्या मुळाशी एक जास्वंद ठेवायचे. "आपला येईल." पहाटे ते उठायच्या आत मी ते कोमेजलेलं फूल उचलून चुलीत टाकायची.

"खाल्लं ना त्यानं?"

"खाल्लं, मामंजी."

एवढ्या खोट्यावर ते पेज पोटभर प्यायचे.

आज पहाटे गेले तर फूल नव्हतं. कोंबड्या खुराड्यात, डुकरं कुंपणात. वर पानांत हिरवं काहीतरी हललं. कानाखाली बटण आहे की नाही ते दिसेना.

"खाल्लं ना गं?" मामंजी मागे येऊन उभे होते.

"आज खरंच खाल्लं," माझ्या तोंडून निघून गेलं.

मामंजींनी काठी जमिनीत घट्ट रोवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाव घेऊन हाक मार त्याला," ते म्हणाले. "तुला येतं ते नाव. आपला असेल तर संतापेल."

मी मान वर केली, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. वरून कुणी रागावलंच नाही तर?