फुगलेलं रबर

तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा तिने हातातला ब्रेकचा सिलिंडर भिंतीवर फेकून मारला नाही, एवढाच काय तो तिचा संयम. सिलिंडरमधला दट्ट्या हलायचं नाव घेईना. शेवटी पकडीने ओढून काढला, तर आठवड्यापूर्वी बसवलेलं नवं कोरं रबर फुगून टम्म झालेलं. असं रबर दट्ट्याला अडकवून ठेवतं. ब्रेक लागतो पण सुटत नाही, चाक तापत जातं आणि शेवटी ब्रेक ऑइल उकळलं की पेडल पायाखाली रिकामं जातं.

पहिल्या दोन वेळा नुसती चाकं तापली होती. या वेळी गाडीच्या मालकीण डॉक्टरीणबाई उतारावरून येत होत्या. पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही, आणि त्यांच्यापेक्षा वयाने मोठी असलेली ती गाडी त्यांच्याच दवाखान्याच्या भिंतीला जाऊन धडकली. डॉक्टरीणबाईंनी आरडाओरडा केला नाही. भिंतीच्या जागी एखादं पोर असतं तर, एवढंच म्हणाल्या, आणि शनिवारी शेवटचं बघते, नाहीतर गाडी भंगारात, असं सांगून गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उलट ओरडता तरी येतं.

तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे ठिणगी. दोन्ही तिला ठाऊक होतं आणि दुसरंच जास्त आवडायचं. हे गॅरेज अण्णांनी, तिच्या वडिलांनी, उभं केलेलं. गेली पंधरा वर्षं ती चालवत होती. जुन्या गाडीचा ब्रेक आहे ना, मग तिथेच न्या, असं लोक एकमेकांना सांगत, आणि त्या एका वाक्यासाठी तिने कंबरेचा काटा ढिला करून घेतला होता. ते नाव आता बोटाएवढ्या रबराने मातीत घातलं होतं.

फुगलेलं रबर मुठीत धरून ती तडक सुट्या भागांच्या दुकानात गेली. तिथे चार गिऱ्हाइकं उभी होती, हे तिला दिसलं आणि उलट जोरच चढला. नकली माल विकतोस, लोकांच्या जिवावर उठलायस, तुझ्यासारख्या चोराला गल्ल्यावर बसायची लाज कशी वाटत नाही, असं तोंडाला येईल ते ती बोलत सुटली. दुकानदार मान खाली घालून ऐकत होता. हाच माल आणखी बारा गॅरेजात जातो आणि कुठूनच तक्रार नाही, हे त्याने दोनदा सांगून बघितलं. तिने ऐकून घेतलं नाही. मग त्याने नव्या रबरांचा चौथा डबा काउंटरवर आपटला.

“ताई, हाही घेऊन जा. पण हाही फुगला तर माझ्याकडे येऊ नका. आधी आपल्या घरात बघा.”

वाटभर ती धुमसत होती. आपल्या घरात बघा म्हणे. घरात होतं कोण? ती आणि अण्णा.

अण्णांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. नजर अधू झालेली, पाना दोनदा हातातून निसटला, तेव्हा तिनेच त्यांच्याकडून हत्यारं काढून घेतली होती. त्यावर ते आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते. मग एक काम तेवढं त्यांच्याकडे राहिलं: उघडलेले लोखंडी भाग डिझेलच्या ट्रेमध्ये ब्रशने घासून धुणं. ते रोज सकाळी स्टूल ओढून ट्रेपाशी बसत आणि प्रत्येक नट दागिन्यासारखा चकचकीत करत.

तिने डबा टेबलावर टाकला आणि मागे जाऊन तोंडावर पाणी मारून आली. येऊन बघते तर डबा उघडलेला. ट्रेमधल्या काळ्या डिझेलमध्ये आठही नवी रबरं पडली होती आणि अण्णा बाह्या सरसावून त्यातलं एक घासत होते.

तिच्या डोक्यात सणक गेली. दर वेळी रबरं पुसून, फडक्यावर ओळीने मांडून ठेवलेली असायची. अण्णांनी डब्यातून काढून ठेवली असतील, असं समजून तिने ती सरळ बसवून टाकली होती. डिझेलचा वास कुठून येणार? अख्ख्या गॅरेजलाच तो होता.

आणि रबराला डिझेल लावायचं नसतं, हे तिला शिकवलं कोणी होतं? ती दहा वर्षांची असताना, मदत करायच्या हौसेने तिने एक रबर डिझेलमध्ये टाकलं होतं. अण्णांनी हात पुढे करायला लावून ब्रशच्या दांड्याने असा फटका दिला होता की रात्री जेवताना घास धरता आला नव्हता. रबराला डिझेल लागलं की ब्रेक गेला, ब्रेक गेला की माणूस गेलं, हे त्यांनी तेव्हा तिच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं होतं.

“अण्णा, काय करताय?”

“धुतोय. नव्या मालालाच जास्त घाण असते.”

तिने फुगलेलं रबर त्यांच्या तळहातावर आपटलं. “हे बघा काय झालंय.”

आता ती एकेक सुनावणार होती. दवाखान्याची भिंत, दुकानातली चार माणसं, सगळं. अण्णांनी रबर अंगठ्याने दाबलं, डोळ्यांजवळ नेलं, नाकाला लावलं. वाकलेली पाठ ताठ झाली आणि कित्येक वर्षांत न ऐकलेला त्यांचा जुना आवाज निघाला.

“हे डिझेलमध्ये कोणी बुडवलं?”

दुसऱ्या हातात ब्रश होता. त्यातून डिझेल त्यांच्या चपलेवर ठिबकत होतं.

“मी विचारतोय. कोणत्या गाढवाने बुडवलं? कोणाचा तरी जीव जाईल.”

उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं. दुसऱ्याच्या चुकीचा बोल तिने आयुष्यात कधी ऐकून घेतला नव्हता. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते नाटक करत नव्हते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“मी,” ती म्हणाली.

“तू? एवढं शिकवून?”

“चुकलं, अण्णा.”

“हात पुढे कर.”

एक्कावन्न वर्षांच्या बाईने ग्रीसने काळा झालेला हात पुढे केला. दांडा पूर्ण ताकदीने बसला. हाताला जोर तोच होता. सगळं काही गेलं आणि नेमका हा जोर तेवढा मागे राहिला, याचा तिला जेवढा संताप आला तेवढा त्या दुकानदाराचाही आला नव्हता, आणि तो काढायला समोर कोणी नव्हतं.

अण्णा स्टुलावर बसले. ट्रेमधलं पुढचं रबर उचलून ब्रश फिरवू लागले.

“नव्या मालालाच जास्त घाण असते,” ते तिला समजावत म्हणाले.

ती पुन्हा दुकानाकडे निघाली. पाचवा डबा आणायचा होता, आणि ती चार गिऱ्हाइकं अजून तिथे असतील तर बरं, म्हणजे माफीही त्यांच्यासमोरच मागता येईल.