तुळसाबाईने घासलेला चषक

मित्रांनो, मी एक जुना पितळी चषक आहे. चषक म्हणजे राजेरजवाड्यांचा मदिरेचा पेला. उंच दांडा, खाली गोल बैठक आणि वर उमललेलं तोंड. मदिरा मात्र मी जन्मात चाखली नाही. नागपूरच्या इतवारीतल्या रुपराव तांबटाने मला एका नाटक मंडळीसाठी घडवलं. रंगमंचावर राजा मला उंचावून गडगडाटी हसायचा आणि माझ्यातलं कोमट पाणी प्यायचा. टाळ्या त्याला मिळायच्या, मला विंगेत आदळलं जायचं. पुढे मंडळी मोडली आणि मीही मोडीत गेलो. त्या ढिगातून मला श्रीधर मास्तरांनी उचललं.

मास्तर नागपुरातच महाल भागात चित्रकलेचा वर्ग चालवत. टेबलावर निळं कापड, त्यावर मी, शेजारी एक मडकं आणि दोन कांदे. मुलं मला बघून चित्र काढायची. काय सांगू मित्रांनो, कागदावर माझे फार हाल झाले! कुणी मला लंगडं केलं, तर कुणाच्या हातून माझी फुलदाणी झाली. मास्तर असली चित्रं सगळ्यांसमोर टराटरा फाडत. पोरं रडायला लागली की मास्तरांना आणखी चेव यायचा.

मला मात्र कुणी घासत नव्हतं. हळूहळू मी काळा पडलो आणि नक्षीच्या खाचांत हिरवे डाग चढले. मला भारी लाज वाटायची. मास्तर खूश होते. म्हणायचे, "असा हिरवा कोन्या दुकानात भेटत नाही." बाहत्तर साली त्यांनी मुंबईच्या प्रदर्शनासाठी माझं मोठं तैलचित्र सुरू केलं. कापड झालं, मडकं झालं, कांदे झाले. माझे डाग त्यांनी शेवटी रंगवायला ठेवले आणि दिवाळीसाठी ते गावाला गेले. जाताना तुळसाबाईला बजावून गेले, "टेबलावरचं काही हलवू नको वं."

तुळसाबाई वर्ग झाडायची. त्याबद्दल मागची खोली तिला राहायला दिली होती. कुही गावाकडून आलेली ही विधवा बाई आणि तिची मुलगी देवकी, दोघींना शहरात दुसरा आसरा नव्हता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरातलं एकही भांडं खरकटं, कळकट राहू नये, ही तिच्या गावची रीत. तिने मला पाहिलं आणि तिला राहवलं नाही. चिंच आणि राख घेऊन तिने मला असं घासलं की माझ्यात तिचा चेहरा दिसू लागला. मग टेबलावर खडूने काढलेल्या गोलात तिने मला अगदी होतो तसं ठेवलं. हलवू नको म्हटलं होतं, तर तिने मला तसूभरही हलवलं नव्हतं! त्या दिवशी मी फार आनंदात होतो.

मास्तर परतले. मला पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुले कोनं सांगतलं होतं?"

"लय घाण झाला होता जी. दिवाळी होती, म्हणून घासला."

"होता तसा करून दे. नाही तं खोली खाली कर."

आता सांगा, गेलेली घाण कुणी परत आणून देतं का? मास्तरांनी नवसागर आणून दिला. कल्हईवाले वापरतात तो झोंबरा क्षार. रोज सकाळी मुलांसमोर बसून तिने तो ओल्या मिठात कालवायचा आणि उघड्या हातांनी मला चोळायचा. मुलं म्हणत, "बाई, अजून हिरवा नाही झाला!" मास्तर हसत. माझ्यावर थोडी हिरवी पूड धरायची आणि सुकली की झडून जायची. तिच्या बोटांना मात्र भेगा पडल्या आणि त्या भेगांत काळं-हिरवं घर करून बसलं. देवकी रात्री त्यांवर तेल लावायची. सकाळी पुन्हा नवसागर.

एके दिवशी मास्तर तिच्या हातांकडे बघत राहिले. मला वाटलं, दया आली. त्यांना आपला हिरवा रंग सापडला होता! त्यांनी नवा कॅनव्हास लावला, मला पुन्हा लख्ख घासून घेतलं आणि तिच्या हातात दिलं. ती तासन्‌तास तशीच बसली. मान अवघडली तरी हलली नाही, कारण खोली वाचेल असं तिला वाटत होतं. चित्र पुरं झालं. दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "खोली आता मले रंगाच्या सामानासाठी पाहिजे." दोघी मायलेकी गाठोडं घेऊन निघून गेल्या.

चित्राला मुंबईत बक्षीस मिळालं. नाव होतं 'ममता'. मग ते नागपुरात एका सभागृहात लावलं गेलं आणि खाली स्टुलावर मला ठेवलं. लोक मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणत, "काय करुणा आहे तुमच्या रंगांत!" मास्तर मान लववत. गर्दीत तुळसाबाई आली होती, सोबत देवकी. ती चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने हळूच विचारलं,

"मास्तर, मी तं रोज हात धुऊन बसत होती जी. मंग असे काळे काहून काढले?"

सगळे हसले. मास्तर म्हणाले, "तिले चित्रातलं काय समजते!" तुळसाबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि ती बाहेर गेली. पुन्हा ती मला कधी दिसली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं सांगून माझ्यासारखे आपली कहाणी आटोपतात. मला कुणी जपायची गरज नाही. मी काचेच्या कपाटात आहे आणि माझ्यावरची धूळ रोज पुसली जाते. तुमच्या घरची भांडी कुणी घासत असेल, तर एकदा त्या माणसाचे हात बघा. बघून चित्र काढायला बसू नका. आधी थोडं खोबरेल लावा.