कपाटभर नाताळ

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, दोन कॅसेटी एकदम पोटात घेणारा. हल्ली पाहुणे माझ्याकडे बोट दाखवून "हे अजून ठेवलंय?" असं विचारतात, तेही माझ्यासमोर. म्हाताऱ्या माणसाबद्दल कुणी असं बोललं तर घरचे रागावतील. माझ्या बाबतीत घरचे हसतात आणि चहा टाकायला आत जातात.

दुकानाच्या फळीवरून मी थेट जबलपूरच्या एका क्वार्टरमध्ये आलो. मालक नीलकंठराव. ते लष्करी गाड्यांच्या कारखान्यात फिटर होते. शेजारी त्यांच्याच सेक्शनमधला डेन्झिल राहायचा. अँग्लो-इंडियन, उंच, गिटारवाला. सुट्टीच्या दिवशी त्याने गळा मोकळा सोडला की क्वार्टरांची अख्खी लाइन दारात येऊन उभी राहायची.

बड्या दिनाला, म्हणजे नाताळला, डेन्झिलच्या घरून केकचा डबा आला. मराठी घरात डबा रिकामा परत करत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण दिवाळीचा फराळ केव्हाच संपला होता आणि नीलकंठरावांच्या पत्नी वसुधाताई पंचाईतीत पडल्या. तेव्हा नीलकंठरावांनी रेडिओवरून माझ्यात भरून घेतलेली नाताळच्या गाण्यांची एक कॅसेट डब्यात ठेवून दिली. पुढच्या वर्षी केकसोबत डेन्झिलची कॅसेट आली, त्याच्या मावसभावाने परदेशातून धाडलेली. तिथून नीलकंठरावांना जो नाद लागला तो लागलाच.

नातेवाईक टोमणे मारत. गणपतीत याला आरती पाठ नाही आणि सांताक्लॉजची गाणी जमवतोय, असं म्हणत. नीलकंठरावांना त्याचं काही नव्हतं. ड्यूटीला जाण्याआधी ते रेडिओचा काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसायचे आणि मी बटण दाबून घ्यायला तयार असायचो. सगळ्या जगाला पाठ असलेली गाणी कपाटाच्या वरच्या खणात गेली. खालच्या खणात होती ती कुणीच न ऐकलेली. बर्फाचा तिटकारा असलेला एक ढोलवाला होता. सांताक्लॉजला या वर्षी सुट्टी घ्या म्हणून दटावणाऱ्या चार मुली होत्या. एक बँड तर नाताळच्या जेवणावरून झालेलं भांडणच गिटारवर वाजवत असे. गाणं मनासारखं उतरलं की नीलकंठराव कॅसेटच्या पाठीचे दोन प्लास्टिकचे कान मोडून टाकत. कान मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मी तेव्हा घरातला लाडका होतो. रोज पुसत मला, आणि माझ्यावर वसुधाताईंनी विणलेला रुमाल असे.

या सगळ्या साठ्यात एक गाणं डेन्झिलचं होतं. त्याचं स्वतःचं, हिंदी-इंग्रजी मिसळलेलं. सांताक्लॉज जबलपूर स्टेशनावर उतरतो आणि रिक्षावाला त्याला गावाच्या टोकाच्या गढा वस्तीत न्यायला साफ नकार देतो, असं काहीतरी. रेल्वेच्या हॉलमध्ये बड्या दिनाच्या नाचाला त्याने ते गायलं. नीलकंठरावांनी मला समोरच्या खुर्चीवर ठेवलं होतं. मित्रांनो, मी पुष्कळ आवाज ऐकले, पण असा खणखणीत आवाज पुन्हा माझ्या कानांवर पडला नाही.

डेन्झिलने त्या गाण्याची कॉपी मागितली. दोन कॅसेटी घेऊन मी कशासाठी बसलो होतो? बटण दाबलं की काम झालं असतं. पण कॉपीत खरखर वाढते, म्हणे. खरं सांगू? आपल्याकडे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही, याची गोडी जमवणाऱ्याला फार असते. नीलकंठराव "देतो, देतो" म्हणत राहिले आणि दोघेही रिटायर झाले.

मग सीडी आली, फोन आले. नीलकंठरावांनी गढ्यात घर बांधलं, तिथे मी कोपऱ्यात गेलो. माझा रबरी पट्टा सैल पडला आणि मी गाणी रडल्यासारखी वाजवू लागलो, म्हणून मला बंदच केलं. दुरुस्त करू, असं दर वर्षी ठरायचं. दर वर्षी राहून जायचं.

अशात डेन्झिलच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता तो नुसता कुजबुजतो, तेही जवळ कान नेला तर. मागच्या बड्या दिनाला तो इथे आला, माझ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे. आपला आवाज कसा होता, तो त्याला एकदा ऐकायचा होता. नीलकंठरावांचे डोळे भरून आले. पुढच्या बड्या दिनाला नक्की ऐकवतो, असा त्यांनी त्याला शब्द दिला.

या वेळी ते शब्दाला जागले. नोव्हेंबरात वसुधाताईंच्या बहिणीकडे नागपूरला गेले, तेव्हा जुन्या बाजारात हिंडून माझा पट्टा शोधून आणला. पण ते नागपुरात असताना इकडे घरात मुलगा सुमेध होता. बंगळूरहून आठवडाभरासाठी आलेला. त्याने आईवडिलांना खूश करायचं म्हणून घर आवरायला काढलं होतं. मुलगा वाईट नाही हो. तेच तर दुःख आहे.

जवळच्या मझौली गावचे दिवाकरजी मटारचं पोतं घेऊन आले. नीलकंठरावांचे कारखान्यातले जुने सोबती, आता शेती करतात. हिवाळ्यात त्यांच्याकडून मटार येतोच. त्यांनी उघडं कपाट पाहिलं आणि म्हणाले, "भैया, ये पुरानी कैसेट बेकार पड़ी हों तो दे दो. इसकी फीत खेत में तान दो तो हवा में भनभनाती है, तोते मटर पर नहीं बैठते."

सुमेधला आनंद झाला. पोतं रिकामं परत करायचं नाही, ही आईची शिकवण त्याच्या पक्की लक्षात होती. त्याने दोन्ही खण त्या पोत्यात ओतले. मी समोर होतो. ओरडायला माझ्याकडे काय होतं?

नीलकंठराव परतले ते माझा नवा पट्टा खिशात घेऊनच. हातपाय धुण्याआधी त्यांनी मला उघडलं, पट्टा बसवला आणि माझी चाकं फिरली. किती वर्षांनी! मग त्यांनी कपाट उघडलं.

सुमेधने कौतुकाने फोन पुढे केला. "बाबा, सब मिलता है इसमें. तुमची सगळी गाणी शोधून ठेवली, खालच्या खणातलीपण. एकदम साफ आवाज."

"डेन्झिलचं लाव."

सुमेधने शोधलं. पुन्हा शोधलं. मग त्याने मान वर केली नाही.

"काहून दिलं रे तू? एक फोन तरी करायचा होता मला."

"मी तुमच्यासाठीच तर करून राहिलो होतो, बाबा."

दुसऱ्या दिवशी बापलेक मझौलीला गेले आणि फितीचं बोचकं घेऊन आले. दवाने चिकटलेली, उन्हाने आखडलेली, जागोजागी कापून गाठी मारलेली फीत. नीलकंठरावांनी एकेक तुकडा रिकाम्या कॅसेटमध्ये पेन्सिलीने गुंडाळला आणि माझ्यात घातला. मी जीव तोडून वाजवलं. खरखरीतून कुठलीशी परदेशी बाई अर्धी ओळ म्हणून गेली. डेन्झिल कुठेच नव्हता.

बड्या दिनाला डेन्झिल केक घेऊन आला. नवा सूट घालून आला होता. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला, जसा मी एकदा त्याच्यासमोर बसलो होतो. सुट्टी काढून पुन्हा आलेल्या सुमेधचा चेहरा पांढरा पडला. नीलकंठरावांनी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाले, "क्या बताऊँ डेन्झिल, कल लगाकर देख रहा था. मशीन ने फीत खा ली."

मी! ज्याने ते गाणं जपून ऐकलं, तो मी!

डेन्झिलने हातातला केकचा डबा बाजूला ठेवला. मग उठून त्याने माझ्या झाकणावर हात ठेवला आणि कुजबुजला, "कोई बात नहीं. बूढ़ा हो गया है बेचारा." त्याने मला माफ केलं, मित्रांनो. जे मी केलंच नाही, त्याची माफी त्याने मला इतक्या मायेने दिली की त्यापेक्षा त्याने मला रस्त्यावर फेकलं असतं तर बरं झालं असतं.

तुम्ही लहान आहात, म्हणून सांगतो. जुनी वस्तू घराबाहेर काढण्याआधी ती ज्याची आहे त्याला एकदा विचारा. कुणी आपल्याच आवाजाची कॉपी मागितली तर त्याच दिवशी द्या. आणि इतकं करूनही काही हरवलंच, तर खरं सांगा. ज्याला तोंड उघडता येत नाही, त्याचं नाव घेऊ नका.