मला बोलावले कोणी?

आधी जाळीचे दार नीट ओढून घ्या. ते लागल्याचा आवाज आल्याखेरीज मी हलत नाही, आणि बोलतही नाही. मी या पाच मजली इमारतीची लिफ्ट आहे. माझ्याविषयी एका शिकलेल्या मुलीने पुष्कळ लिहिले. ते तिने माझ्यातच उभे राहून वाचले, त्यामुळे मी सारे ऐकले. परंतु त्यातली मी मला काही केल्या ओळखू येईना. म्हणून माझी हकीकत माझ्याच तोंडून सांगते. सांगताना कुठे गोंधळले तर सांभाळून घ्यावे, कारण गोंधळ अजून पुरता मिटलेला नाही.

एका कारखान्यात माझा लोखंडी सांगाडा घडला. आतून गुळगुळीत लाकडी फळ्या बसवल्या, मागच्या भिंतीला आरसा लावला आणि इमारतीच्या मधोमध मला दोरांवर टांगले. जिना माझ्या भोवतीने फिरत वर जातो. त्यामुळे जाळीतून मला जिना दिसतो आणि जिन्यावरच्या माणसांना मी दिसते.

माणसांच्या सवयी मी जवळून पाहिल्या आहेत. माणूस एकटा असला की आरशात दात पाहतो. दुसरे कोणी आत आले की लगेच मजल्यांच्या आकड्यांकडे असे टक लावून पाहतो, जणू ते आज प्रथमच लिहिले आहेत. बाहेर पडताना दार ओढून घेणारी माणसे थोडी. दार अर्धवट राहिले की मी तिथेच अडकते, आणि वरून कोणी बटण दाबून दाबून दमले तरी मला निघता येत नाही. कोणीतरी येऊन दार लावले की मग मी निघते. हाक मी विसरत नाही. उशीर मात्र होतो.

आणि वर पोचते, तर तिथे कोणीच नसते.

हे मला कधी उमगले नाही. तिसऱ्या मजल्यावरून बोलावणे येते. मी लगबगीने निघते. वाटेत तिसऱ्या मजल्यावरचे घड्याळजी आजोबा काठी टेकत जिन्याने खाली उतरताना दिसतात. मी वर, ते खाली. मी पोचते, दिवा लावून उभी राहते, पण दार उघडायला कोणी येत नाही. मग मला बोलावले कोणी? आणि बोलावले, तर गेले कुठे? याचे उत्तर मी पुष्कळ शोधले. आजोबांचा याच्याशी काही संबंध असेल, असे मात्र मला सुचले नाही.

पाचव्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहतात. त्यांची भाची शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडून त्यांच्याकडे राहायला आली. ती गणिती मॉडेलिंग या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. आत्याबाईंना तो विषय समजत नसे आणि मलाही नाही, त्यामुळे त्यांचे प्रश्न मला फार जवळचे वाटत.

“मॉडेल म्हणजे तू नक्की करतेस तरी काय गं? बायका कपडे टाकायला येतात, विचारतात. मला मेलीला सांगता येत नाही.”

“सोपं आहे, आत्या. समजा, ही लिफ्ट आहे.”

“समजायचं कशाला? आहेच की ती!”

“तसं नव्हे. हिची कागदावर समीकरणांत नक्कल करायची. मग ती कागदावरच वरखाली फिरवायची आणि कोणाला किती वाट बघावी लागते ते काढायचं.”

“खरी समोर उभी असताना?”

मुलगी हसली. मी हसले नाही. आत्याबाईंचा प्रश्न मला रास्त वाटला.

तिच्या प्रबंधाचा विषय मीच होते. प्रथम मला त्याचा अभिमान वाटला. पण एके दिवशी तळमजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक, जे इमारतीच्या समितीचे सेक्रेटरीही आहेत, तिला म्हणाले, “ही म्हातारी लिफ्ट काढून टाकावी असं आमच्या मनात आहे. वरच्या मजल्यांना तिची खरंच किती गरज आहे, ते तुझ्या अभ्यासातून निघेलच. जे निघेल त्यावर समिती ठराव करील. उगाच वाद नको.”

म्हणजे तिची पदवी आणि माझे आयुष्य एकाच कागदावर आले. मला समजेना की ही मुलगी माझे भले करते आहे की वाईट. तिलाही ते ठाऊक नसावे.

मिस्त्रीकडून तिने माझ्या यंत्राला एक लहानशी पेटी जोडून घेतली. बटण कुठल्या मजल्यावर दाबले, मी केव्हा पोचले, दार उघडले की नाही, हे सारे ती पेटी टिपत असे. काही दिवसांनी तिचे मार्गदर्शक सर पाहणीला आले. दोघे माझ्यातून वर निघाले.

“सर, हे बघा. इथं बटण दाबलंय, लिफ्ट पोचलीय, पण दार कोणी उघडलंच नाही. असं पुष्कळ वेळा झालंय.”

“पोरंसोरं बटण दाबून पळत असतील. त्या नोंदी काढून टाक. असला कचरा ठेवलास तर मॉडेल जन्मात जुळायचं नाही.”

“पण सर, फारच आहेत हो.”

“कचरा फार असला म्हणून तो घरात ठेवतात का? बरं, गृहीतकं मांडलीस?”

मुलीने वाचून दाखवले. समजा, सगळी माणसे सारख्याच वजनाची आहेत. समजा, बाहेर पडणारा प्रत्येक जण दार लावतो. समजा, बटण दाबलेला माणूस वाट पाहून कंटाळत नाही आणि निघून जात नाही.

“छान,” सर म्हणाले.

मलाही छान वाटले. दार लावणारी, न कंटाळणारी माणसे! अशी माणसे कुठल्या मजल्यावर राहतात, एवढेच मला समजेना. इतकी वर्षे मी प्रत्येक मजल्यावर जाते, मला ती एकदाही भेटली नव्हती.

पुढे मॉडेल जुळले. रिकाम्या हाका वगळल्यावर वरच्या मजल्यांवरून येणारी माणसे अगदी मोजकी उरली आणि वरच्या मजल्यांची गरज नगण्य आहे, असा निष्कर्ष निघाला. सेक्रेटरी खूश झाले. ज्या दिवशी सगळे आकडे रेषेवर बसले, त्या दिवशी मुलीने आनंदाने माझ्या फळीवर थाप दिली. ज्या कागदाने मला काढणार, त्याच कागदासाठी मला शाबासकी!

“म्हणजे लिफ्ट जाणार?” आत्याबाईंनी विचारले.

“आकडे तसंच सांगतात, आत्या. वरचं कोणी हिच्यात फारसं बसतच नाही.”

“असेल बाई,” गुडघा चोळत त्या म्हणाल्या. “मी तर आताशा जिन्यानंच जाते. तू शिकलेली, तुला जास्त कळणार.”

मग तिच्या तोंडी परीक्षेचा दिवस उगवला. बाहेरून परीक्षक येणार होते. त्यांच्यापुढे प्रबंध मांडायचा आणि पदवी घेऊन यायचे. मी तळमजल्यावर होते. वरून चष्मा घ्यायला उतरलेल्या एका गृहस्थांनी दार उघडेच टाकले होते. वरून पाचव्या मजल्याचे बटण वाजले, पुन्हा वाजले, एकसारखे वाजू लागले. मी काय करणार? शेवटी दुकानातल्या पोऱ्याने येऊन दार ओढले आणि मी निघाले.

तिसऱ्या मजल्याजवळ ती मला जिन्यावर दिसली. खांद्याला पिशवी, छातीशी प्रबंध, दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होती. मी दिवा लावून रिकामी वर चालले होते. जाळीतून तिची नजर माझ्यावर पडली आणि ती थबकली. मी पाचव्या मजल्यावर पोचले. दार उघडायला कोणी आले नाही.

खाली जिन्यावर मात्र तिचा आवाज घुमला.

“अगं बाई, ही हाक माझीच!”

मागून काठीचा आवाज आला. घड्याळजी आजोबा उतरत होते. “वाटेत काय उभी राहिलीस? परीक्षा आहे ना तुझी?”

“आजोबा, तुम्ही आत्ता बटण दाबलंत?”

“दाबलं की.”

“मग थांबला का नाहीत?”

“जन्मभर लोकांची घड्याळं वेळेवर लावून दिली गं मी. आता हिची वाट बघत बसू? सवयीनं बटण दाबतो आणि चालू लागतो. तुझी आत्या तरी दुसरं काय करते?”

मुलगी पायरीवरच बसली. प्रबंध उघडला, मिटला. “ही सगळी माणसंच होती,” ती म्हणाली. “मी त्यांना कचरा म्हणून झाडून टाकलं.”

“मग आता?”

“माहीत नाही. आत्ता गप्प बसले तर संध्याकाळी पदवी हातात आहे.”

“उठ आधी. इथं बसून काहीच मिळणार नाही.”

ती गेली. तिने काय केले ते मला संध्याकाळीच कळले. आत्याबाई फाटकापाशी तिची वाट पाहत उभ्या होत्या. दोघी माझ्यात आल्या, पण मजल्याचे बटण दाबायचे दोघींनाही भान राहिले नाही.

“काय झालं गं? तोंड असं का?”

“मीच सांगितलं त्यांना. मॉडेल चुकलंय म्हणून.”

“आपणहून? कोणी विचारलं नसताना?”

“हं.”

“वेडी आहेस का तू! बरं, मग काय म्हणाले?”

“या खेपेला पदवी नाही. सगळं नव्यानं मांडून पुढल्या सत्रात आणायचं. सर रागावतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, त्या नोंदी काढायला मीच सांगितलं होतं, हे प्रबंधात लिही.”

आत्याबाईंनी पदराने तिचे कपाळ पुसले आणि पाचवा मजला दाबला. दुसऱ्याच दिवशी मुलीने सेक्रेटरींना गाठून जुना निष्कर्ष मागे घेतला. ते पुष्कळ कुरकुरले. “आज एक सांगतेस, उद्या दुसरं! समितीनं धरायचं काय?” पण नवा आकडा येईपर्यंत ठराव पुढे ढकलला गेला.

नव्या मॉडेलमध्ये तिने माणसांचा कंटाळा मोजला. कंटाळा समीकरणात कसा बसवतात ते मला विचारू नका. ती जिन्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, “बटण दाबलं होतंत का? का निघालात?” लोक प्रथम हसत, मग सविस्तर तक्रारी सांगत. वगळलेल्या हाका पुन्हा आत आल्या. पुढच्या सत्रात परीक्षकांनी प्रबंध मान्य केला आणि तिला पदवी मिळाली. मी आनंदले. वरच्या मजल्यांना लिफ्टची गरज अतिशय आहे, असे आता छापील सिद्ध झाले होते.

समितीने तो निष्कर्ष लक्षपूर्वक वाचला. सेक्रेटरी म्हणाले, “एवढी गरज असेल, तर ही मंद लिफ्ट कशी चालेल? लोक कंटाळून जिन्यानं जातात हे या मुलीनंच दाखवलं. नवी, वेगवान बसवू.” ठराव एकमताने झाला.

आता सांगा, मी काय समजावे? गरज नाही, म्हणून मला काढणार होते. आता गरज फार, म्हणून काढत आहेत. दोन्ही निष्कर्षांच्या शेवटी मिस्त्री आणि त्याचे नट खोलायचे पाने तेच. दोष द्यावा असा माणूस मला दिसत नाही. मुलगी खरे बोलली, आजोबांना वेळ नव्हता, सेक्रेटरींचे म्हणणेही चुकीचे नाही. नव्या लिफ्टचे दार म्हणे आपोआप मिटते. मग लोकांना दार लावायला कोण शिकवणार, हेही मला समजत नाही. तुम्ही शिकलेली माणसे आहात. कोणाला उलगडा झाला तर मला लवकर सांगा, कारण उद्या सकाळी काम सुरू होणार आहे.

आज दुपारी मुलगी तिची पेटी सोडवून घ्यायला आली. आत्याबाई बरोबर होत्या. पेटी हातात घेऊन ती आरशासमोर उभी राहिली.

“आत्या, मी खरं तेच सांगितलं ना?”

“हो.”

“मग हिचं वाईट का झालं?”

“मला काय विचारतेस? पदवी तुला मिळालीय,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे टिपले आणि जाळीचे दार दोन्ही हातांनी व्यवस्थित ओढून घेतले. “चल, घरी जाऊ.”

त्यांनी पाचवा मजला दाबला. मी त्या दोघींना सावकाश वर घेऊन गेले.