चाळीस जणींची बरणी

डॉक्टरबाईंनी अठ्ठावीस नंबरच्या डब्याचं झाकण फिरवलं, तर आत गादीला लावायची बटणं निघाली. एकोणतीसमध्ये सुया. तीसमध्ये दोऱ्याची रिळं. प्रयोगाचे सहा महिने संपले होते, तेव्हा औषध संपलेलं असणारच. पण ही बटणं काही कालपरवाची वाटत नव्हती. डब्यात चांगली मुरली होती.

गाद्यांच्या या कारखान्यात कापसाची धूळ दिवसभर तरंगायची आणि शिंकांना काही तोटा नव्हता. म्हणूनच त्यांनी तो निवडला. धुळीच्या त्रासावर लोक पिढ्यानपिढ्या एका कडू पाल्याची भुकटी घेत आले होते. तिचा खरोखर गुण येतो का, हे एकदाचं पाहायचं होतं. वीस जणींच्या डब्यांत भुकटी, वीस जणींच्या डब्यांत तशीच हिरवी, तशीच कडू, पण फसवी पूड. कुणाला काय मिळालं, ते बायकांनाही ठाऊक नाही आणि डॉक्टरबाईंनाही. रोजच्या शिंका तेवढ्या प्रत्येकीने वहीत मांडायच्या.

गेल्या आठवड्यात कुणाला काय दिलं त्याची बंद यादी उघडली. शिंका निम्म्यावर आल्या होत्या, पण दोन्हीकडे सारख्याच. "म्हणजे पाला कुचकामी," म्हणून डॉक्टरबाईंच्या विभागप्रमुखांनी फाइल मिटायला घेतली. त्या फाइलीत डॉक्टरबाईंची तीन वर्षं होती. शिवाय दोन्ही बाजूंचे आकडे इतके तंतोतंत कसे जुळले, हे त्यांना काही केल्या पचेना.

"मावशी, औषध कशात ठेवत होतात?"

कारखान्याच्या मुकादमीण, ज्यांना सगळेच मावशी म्हणत, त्यांनी चहाच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे एक मोठी काचेची बरणी होती. तळाशी दोन बोटं हिरवी पूड.

"सगळ्यांचं यात?"

"पहिल्याच दिवशी. चाळीसही डबे ओतले, चांगलं ढवळलं. रोज एकेक चमचा."

"अहो, पण मी इतकं समजावून सांगितलं होतं!"

"सांगितलंत ना. निम्म्या जणींना खोटं मिळणार, हे तुम्हीच बोललात. एका बाकावर बसून एकीने बरं व्हायचं आणि दुसरीने नुसतंच कडू गिळायचं? म्हटलं, निम्मं तर निम्मं, पण सगळ्यांच्या पोटात जाऊ दे."

डॉक्टरबाईंना भयंकर राग आला, आणि तो धरून ठेवताही येईना. त्या स्टुलावर बसल्या. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती. पण पाला हरला नव्हता. त्याची परीक्षा झालीच नव्हती. मग निम्म्या चमच्याने शिंका कमी झाल्या, की एकत्र बसून घेतल्याने? हा विचार मनात येताच त्यांनी वही काढली.

"मावशी, सगळ्यांनाच खरं मिळालं तर? कुणाला आधी तीन महिने खरं, मग तीन महिने फसवं. कुणाला उलट. आधी काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि कुणालाच कळू द्यायचं नाही."

"म्हणजे पाळ्या बदलतात तसं."

"अगदी तसं. पण डबे वेगळेच राहायला हवेत. आता बिघडलं, तर मला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही."

मावशींनी मान हलवली आणि त्या यंत्रांकडे गेल्या. बराच वेळ बायकांची कुजबुज चालली. कुणीतरी हसलं, कुणीतरी शिंकलं. मग त्या पदराला हात पुसत परत आल्या.

"जमेल. आपापला डबा, आपापला चमचा. शब्द दिला."

डॉक्टरबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या भराभर लिहू लागल्या.

"फक्त चिठ्ठ्या नकोत," मावशी म्हणाल्या. "आम्ही ठरवून टाकलंय. ज्यांना जास्त त्रास, त्यांना आधी खरं. आम्ही धडधाकट आहोत, आम्ही मागाहून घेऊ."

शिवणयंत्रं थांबली होती. वाटणी चोख झाल्याच्या समाधानात साऱ्या जणी त्यांच्याकडे बघत होत्या. डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"बसा मावशी," त्या म्हणाल्या. "सगळ्याच बसा. आणि कुणीतरी चहा टाका. हे जरा लांबणार आहे."