बाहेर जाण्याचा रस्ता

मित्रांनो, माझ्या अंगावर एक माणूस कायम पळत असतो. पांढरा, चेहरा नसलेला, एक पाय पुढे टाकलेला. त्याच्यापुढे एक बाण आहे आणि खाली शब्द आहेत, ‘बाहेर जाण्याचा रस्ता’. मी पाटी आहे. माझी भावंडे तुम्ही शाळेत, दवाखान्यात, दुकानात पाहिली असतील आणि लगेच विसरलाही असाल. त्याचे मला वाईट वाटत नाही. पाटीकडेच बघत बसले तर माणसाने कामे कधी करायची? आता मी जुनी झाले आहे. माझ्या एका कोपऱ्यावरचा हिरवा रंग फुगून काळा पडला आहे. तो कसा पडला, तेच आज सांगणार आहे. गोष्ट सुखाची नाही, पण ऐकून घ्या.

माझ्या जन्माआधी आमच्या शहरात पाट्यांचा नुसता बाजार होता. एका इमारतीत लिहिलेले असे ‘निर्गमन’, दुसरीत ‘बहिर्गमन मार्ग’, तिसरीत नुसता लाल बाण. चौथीत मालकाच्या मेव्हण्याने हौसेने रंगवलेले ‘धन्यवाद, पुन्हा या’. एका नाट्यगृहात तर बाणामागे जाणारा प्रेक्षक सरळ झाडू ठेवायच्या खोलीत पोहोचत असे. मग पालिकेने ठरवले की साऱ्या शहरात पाट्या एकसारख्या हव्यात. एक रंग, एक चित्र, एकच शब्द. हे काम एका अभियंता बाईंकडे आले. त्या दिवसरात्र पाट्यांविषयीच बोलत, म्हणून त्यांच्या खात्यातले लोक त्यांना पाठीमागे ‘पाटीबाई’ म्हणू लागले. पुढे तोंडावरही म्हणू लागले आणि त्यांनी ते मनाला लावून घेतले नाही.

पाटीबाईंनी आमचा कच्चा नमुना हातात घेऊन बसथांबे पालथे घातले. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या विचारत, “हे काय लिहिलंय, सांगता का?” एका आजोबांनी चष्मा पुसून ‘निर्गमन’ वाचले आणि विचारले, “हे कुणाचं दुकान?” बाईंनी हा किस्सा समितीला सांगितला. समितीतले एक विद्वान नाराज झाले. “भाषेचा काही दर्जा राखायला हवा,” ते म्हणाले.

“धुरात दर्जा दिसत नाही, साहेब,” बाई शांतपणे म्हणाल्या. “दार दिसायला हवं.”

असे मला साधे शब्द मिळाले. बाईंचा आणखी एक हट्ट होता. धूर वर चढतो आणि माणूस खाली वाकून, रांगत येतो, म्हणून दारावर एक पाटी लावली तरी दुसरी दाराशेजारी गुडघ्याच्या उंचीवर हवीच. मी ती खालची पाटी. कारखान्यात पत्रा कापून, कडा घासून, त्यावर अंधारात उजळणारा थर चढवून मला तयार केले. दिवे गेले तरी मी बराच वेळ दिसत राहते, हा माझा मोठेपणा होता. मला त्याचा अभिमान होता, खोटे का बोलू.

मला कपडे शिवण्याच्या एका कारखान्यात, वरच्या मजल्यावर, मागच्या जिन्याच्या दाराजवळ ठोकले. तेथे यंत्रांच्या रांगा होत्या, छताला लटकणारे दिवे होते आणि एका कोपऱ्यात इस्त्रीचे टेबल. मी खाली असल्यामुळे माणसे मला पायांवरून ओळखू येत. मुकादमाचे बूट करकरत. इस्त्रीवाल्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला. आणि दाराजवळच्या शेवटच्या दोन यंत्रांवर दोन बहिणींचे पाय. थोरलीच्या टाचा भेगाळलेल्या, धाकटीच्या पायात जाड रबरी सपाता. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नसे. यंत्राची लय तिला तळपायातून कळायची आणि धागा तुटला की ती इतरांच्या आधी थांबायची.

मला ठोकल्यावर पाटीबाईंनी सगळ्या बायकांना जवळ बोलावले आणि पाटी कशासाठी आहे ते समजावले. थोरली हातांच्या खुणांनी बहिणीला सांगत होती. धाकटीने खाली बसून माझ्यावरच्या माणसाकडे पाहिले, दोन बोटे तळहातावर पळवली आणि तोंड वाकडे केले.

“काय म्हणते?” बाईंनी विचारले.

“याला पळपुट्या म्हणते,” थोरली म्हणाली. “म्हणते, बायकांना मागं टाकून एकटाच निघालाय.”

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. मग त्या धाकटीसमोर बसल्या आणि सावकाश, ओठ हलवून म्हणाल्या, “तुला आरडाओरडा ऐकू येणार नाही. तू याच्याकडे बघायचं. हा सांगेल तिकडं जायचं.” धाकटीने मान डोलावली. त्या दिवसापासून ती येता-जाता मला पायाने हलकेच टिचकी मारी.

पुढची वर्षे बरी गेली. शहराचे नाव झाले. दुसऱ्या गावांतून पाहुणे आमच्या पाट्या बघायला येत. पाटीबाईंच्या खात्याला बक्षीस मिळाले, त्यांच्या साहेबांनी ते हसत हसत घेतले. मुकादमही माझी काळजी घेई. तो रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसून घेई, कारण तपासणीला येणारे लोक पाट्या बघत. पाटी आहे का, स्वच्छ आहे का, नियमाप्रमाणे उंचीवर आहे का. दाराला हात लावायची रीत नव्हती. ते दुसऱ्या खात्याचे काम होते, आणि दुसऱ्या खात्याला वाटे की पाटी आहे म्हणजे दार असणारच.

मग मागच्या जिन्याने माल चोरीला जाऊ लागला. आधी बाह्या गेल्या, मग अख्खे गठ्ठे. मालकाने मुकादमाला सर्वांसमोर फैलावर घेतले. दुसऱ्या दिवशी मुकादमाने दाराच्या कड्यांतून साखळी ओवली आणि कुलूप घातले. किल्ली त्याच्या खिशात गेली.

“अहो, हे बंद का केलं?” थोरलीने विचारले.

“चोरांसाठी.”

“आणि आमचं काही झालं तर?”

“तुझ्या जिभेला काही हाड? मी इथंच असतो ना. हाक मारलीस की उघडतो.”

थोरलीने बहिणीला खूण करून सांगितले की दार बंद आहे. पण पुढच्याच आठवड्यात तपासणी होती म्हणून साखळी काढली. धाकटीने दार उघडे पाहिले आणि तिला वाटले, आता ते तसेच राहणार. तपासणी संपल्यावर साखळी पुन्हा चढली, या वेळी वरून कापड टांगून, आणि धाकटीला ती दिसली नाही. त्यानंतर थोरलीने कुणाला काही विचारले नाही. रोज तेच ते कोण विचारील? मी दाराच्या शेजारी होते, साखळी मला दिसत होती, आणि मी दिवसभर सांगत होते, बाहेर जाण्याचा रस्ता. मित्रांनो, आम्हा पाट्यांना आपले शब्द मागे घेता येत नाहीत.

आग लागली ती भर दुपारी. खालच्या मजल्यावर तारेतून ठिणगी पडली आणि कापडाने पेट घेतला. मुकादम नेमका माल उतरवून घ्यायला खाली गेला होता. तो वर यायला धावला, पण पुढच्या जिन्यातून धूर असा उसळत होता की त्याला तीन पायऱ्याही चढता आल्या नाहीत. वर दिवे गेले. बायका पुढच्या जिन्याकडे धावल्या आणि खोकत परत फिरल्या. कुणाला कुणाचे तोंड दिसेना.

धाकटी तेवढी गडबडली नाही. तिने ओढणी नाकावर धरली, खाली वाकली आणि माझ्याकडे पाहिले. मी उजळले होते. माझ्यावरचा माणूस पळत होता. तिने थोरलीचा हात धरला आणि तिला ओढू लागली. थोरली हात सोडवत होती, ओरडत होती, “तिकडं नको, कुलूप आहे.” पण धाकटीला ते ऐकू कसे येणार? अंधारात हातांच्या खुणाही दिसत नव्हत्या. दुसरी वाटच नव्हती, म्हणून बाकीच्याही त्यांच्यामागे आल्या.

धाकटीने दार ढकलले. ते बोटभर हलले आणि साखळी ताणली गेली. मागून माणसांचा लोंढा आला. “उघडा, उघडा,” अशी एकच हाक. पुढच्यांना मागे सरता येईना आणि मागच्यांना काही दिसेना. थोरली दारावर चेपली गेली. तिला कळून चुकले असावे. तिने बहिणीला खांद्याला धरून खाली दाबले, माझ्या अगदी शेजारी, आणि तिचे तोंड दाराखालच्या फटीशी लावले. त्या फटीतून जिन्यातली थोडी थंड हवा येत होती. मग थोरली गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हात भिंतीला टेकवून बहिणीच्या अंगावर कमान करून राहिली. लोंढा तिच्या पाठीवर आला. तिचा एक हात माझ्यावर होता. तो बराच वेळ ताठ होता. मग तो घसरला.

इस्त्रीवाला अंगांवरून वाट काढत आला आणि त्याने जड इस्त्रीने साखळीवर घाव घातले. कडी तुटली, दार उघडले, पुढच्या बायका जिन्यात कोसळल्या. कितीतरी जणी वाचल्या. कितीतरी जणी वाचल्या नाहीत. धाकटी वाचली. बंब आले तेव्हा ती खालच्या पायरीवर बसून बहिणीचे केस सारखे करत होती.

धगीने माझा कोपरा फुगून काळा पडला होता, तशीच मला भिंतीवरून काढून चौकशीला नेले. तेथे मी टेबलावर होते, चिठ्ठी बांधलेली. मालकाच्या वकिलाने मला उचलून सर्वांना दाखवले. “ही पाटी पाहा. रंग बरोबर, उंची बरोबर, शब्द बरोबर. माझ्या अशिलाने एकही नियम मोडलेला नाही. कुलूप मुकादमाचं, त्याचा जाब मुकादमाला विचारा.” ज्याने हे बोलणे केले त्याच्याच हातात मी होते. त्या घटकेला वाटले, जळून गेले असते तर बरे.

धाकटीची साक्ष झाली. मुक्याबहिऱ्यांच्या शाळेतल्या एक शिक्षिका तिच्या हातांचे बोलणे सांगत होत्या. “ती म्हणते, बहिणीला मीच ओढून नेलं. ती येत नव्हती. मला सांगितलं होतं, हा दाखवील तिकडं जायचं.” मागे भिंतीशी पाटीबाई बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही.

मुकादम तुरुंगात गेला. मालक जामिनावर सुटला आणि वर्षाच्या आत शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याचा नवा कारखाना उभा राहिला. तेथेही माझी भावंडे लागली.

पाटीबाईंनी मात्र एक गोष्ट केली. त्या पुन्हा शहरभर फिरू लागल्या. पाटी दिसली की शेजारचे दार ढकलायचे. उघडले तर पुढे जायचे. नाही उघडले तर पिशवीतून पेचकस काढायचा आणि पाटी तेथल्या तेथे उतरवायची. साहेबांनी त्यांना बोलावून घेतले.

“अहो बाई, बक्षीस घेतलंय आपण या पाट्यांचं. आणि तुम्ही त्या काढत सुटलात?”

“बंद दारावरच्या काढते.”

“पाटी नसली तर कारखान्याला टाळं लागतं, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. म्हणून तर काढते. दार उघडलं की परत लावते.”

कितीतरी मालकांनी चरफडत दारे उघडली. पण चरफडणारे पुष्कळ होते आणि त्यांचे हात लांब होते. बाईंची बदली झाली. कुठे, तर पालिकेच्या कोठारात, जेथे जुन्या आणि न वापरलेल्या पाट्या ठेवतात. खटला संपल्यावर मलाही तेथेच आणून टाकले होते. बाईंनी मला चिठ्ठीसकट ओळखले. त्यांनी मला पुसले नाही, फेकलेही नाही. आपल्या टेबलासमोरच्या फळीवर उभे केले. रोज सकाळी त्या माझ्यासमोर बसत आणि कामाला लागत.

काही महिन्यांपूर्वी धाकटी तेथे आली. सोबत त्या शाळेच्या शिक्षिका होत्या. धाकटी आता दुसऱ्या कारखान्यात शिवण करते. तिने मला बघायचे म्हटले. ती माझ्यासमोर उभी राहिली, आणि तिने काळ्या कोपऱ्यावरून बोट फिरवले.

“हवी असली तर घेऊन जा,” पाटीबाई म्हणाल्या. “मी त्या दिवशी तुला सांगितलं होतं. मी दार बघायला हवं होतं.”

शिक्षिकेने ते हातांनी सांगितले. धाकटीने मान हलवली. मी तिला नको होते. तिचे रागावणे मला कळले, आणि तिने मला माफ केले असे मी तुम्हाला सांगणार नाही.

मग ती वळली आणि कोठाराच्या मागच्या भिंतीकडे गेली. तेथे दार होते. दारापुढे खोक्यांची चळत होती, छातीइतकी उंच. खोक्यांत माझीच नवी भावंडे होती, कोरी करकरीत, प्रत्येकीवर पळणारा माणूस. धाकटीने खोक्यांवरून हात लांबवून दार ढकलून पाहिले. ते हलले नाही. तिने मागे वळून पाटीबाईंकडे पाहिले.

बाई रोज त्या दारापासून चार पावलांवर बसत होत्या. त्यांनी पदर खोचला आणि पहिले खोके उचलले. दुसरे धाकटीने उचलले. तिघींनी मिळून सगळी खोकी भिंतीकडेला नेली. धाकटीने खांदा लावला, गंजलेली कडी कुरकुरली आणि दार उघडले. आत ऊन आले. धाकटीने बाहेर एक पाऊल टाकले, परत आत आली, दार ओढून पुन्हा एकदा ढकलून पाहिले, आणि मगच चप्पल सरळ करून घरी निघाली.

मित्रांनो, मी फक्त पत्रा आहे. मी दार दाखवू शकते, उघडू शकत नाही. तेवढे काम तुमच्याकडे आहे. उद्या शाळेत माझ्यासारखी पाटी दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवण्याआधी जा आणि शेजारचे दार ढकलून पाहा. उघडले नाही तर गप्प बसू नका. एकदा विचारून थांबूही नका. थोरलीने एकदा विचारले होते.